शास्त्रीच्या खोऱ्यातील शंभूराजे

सह्याद्रीच्या माथ्यावर प्रचितगड उभा आहे. त्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस वारणेतून कृष्णेला मिळतो. पश्चिमेचे पाणी शास्त्री नदीतून संगमेश्वरमार्गे जयगडच्या खाडीत उतरते. छत्रपती संभाजी महाराजांच्या आयुष्यातील दोन निर्णायक पर्वे याच खोऱ्यात घडली.

१४ मे १६५७ रोजी पुरंदरावर त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांतच मातोश्री सईबाई निवर्तल्या आणि आजी जिजाबाईंच्या छत्राखाली ते वाढले. प्रचितगडाच्या पायथ्याचे शृंगारपूर हे त्यांच्या पत्नी येसूबाई यांचे माहेर. शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयावर गेले, तेव्हा युवराज येथे राहून प्रभावळी सुभ्याचा कारभार पाहत होते. ‘बुधभूषणम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांच्या विद्याव्यासंगाची साक्ष देतो. १६७८ च्या अखेरीस ते दिलेरखानाच्या छावणीत गेले. वर्षभरात स्वराज्यात परतले.

१६८१ च्या जानेवारीत रायगडावर त्यांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी औरंगजेब दक्षिणेकडे निघाला. मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा शत्रूंशी महाराज आठ वर्षे झुंजले. या लढ्यात कोकणची अरण्ये आणि दुर्गम घाट हा स्वराज्याचा मोठा आधार होता. परंतु १६८९ च्या फेब्रुवारीत मुकर्रबखानाने कोल्हापूरकडून घाट उतरून संगमेश्वर अचानक गाठले. म्हाळोजी घोरपडे लढता लढता पडले. महाराज व कवी कलश कैद झाले. ११ मार्च १६८९ रोजी भीमा-इंद्रायणीच्या संगमाच्या परिसरात, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, महाराजांची क्रूर हत्या झाली. राज्य मात्र शरण गेले नाही. औरंगजेब १७०७ मध्ये दक्षिणेतच मरण पावला.

आज प्रचितगडाचा परिसर चांदोली राष्ट्रीय उद्यानात मोडतो. चांदोली व कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प साकारला. २०१२ मध्ये ही दोन्ही अरण्ये जागतिक वारसा यादीत आली. शृंगारपूरपासून संगमेश्वरपर्यंतचे खोरे मात्र या राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर आहे. उतारावरचे रान तुटले की माती वाहून नदीचे पात्र उथळ होते. संगमेश्वरी महाराजांचे स्मरण करताना त्यांना आसरा देणाऱ्या या डोंगरउतारांचीही जपणूक व्हायला हवी.