रॉबर्ट नावाचा अर्थ काय? आणि अजिंठ्याच्या रॉबर्ट गिलचं काय झालं?

सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर तुम्ही पाहिलं असेलच. दख्खनच्या मंदिरांवरच्या १९३१ सालच्या इंग्रजी ग्रंथात त्याची नोंद करणारा संशोधक होता हेन्री कझिन्स. हेन्री हे जर्मॅनिक नाव, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच या भाषांच्या जुन्या कुळातलं. अर्थ, घराचा राजा. पण अशा नावांपैकी मराठी माणसाच्या जास्त ओळखीचं नाव म्हणजे रॉबर्ट. त्याला कारण अजिंठा.

रॉबर्ट दोन शब्दांचं बनलंय. ‘ह्रोद’ म्हणजे कीर्ती आणि ‘बेर्ह्त’ म्हणजे तेजस्वी. गंमत अशी की भाषाशास्त्रज्ञ पहिल्याचं नातं संस्कृत ‘कीर्ती’शी आणि दुसऱ्याचं चमकणे या अर्थाच्या ‘भ्राज्’ धातूशी जोडतात. म्हणजे नाव परकं असलं तरी भाऊबंदकीतलंच! अकराव्या शतकात नॉर्मन लोकांबरोबर ते इंग्लंडात रुजलं. रॉबिन आणि बॉब ही त्याचीच लाडकी रूपं, तर जर्मन रूपर्ट त्याचा सख्खा भाऊ. आपल्याकडे वसई-गोव्याच्या ख्रिस्ती घरांत ते आजही भेटतं.

आता कीर्तीचं बघा. रॉबर्ट गिलचा जन्म १८०४ चा, लंडनचा. तो मद्रासच्या फौजेत अधिकारी होता आणि हात चित्रकाराचा. १८१९ मध्ये अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली होती, पण भिंतींवरची चित्रं झपाट्याने खराब होत होती. त्यांच्या नकला करून ठेवा, असा आग्रह लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने धरला. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हे काम गिलकडे सोपवलं.

तो अजिंठा गावाजवळ बारादरीत राहिला. अंधाऱ्या लेण्यांत, वटवाघळांच्या घाणीत उभं राहून त्याने वर्षानुवर्षं मोठमोठे कॅनव्हास रंगवले. याच काळात पारो नावाची स्थानिक स्त्री त्याच्या आयुष्यात आली. ती २३ मे १८५६ रोजी वारली. तिची कबर त्याने अजिंठा गावात बांधली, तिच्यावर तिचं नाव आणि आपलं प्रेम कोरून ठेवलं. ना. धों. महानोरांचं दीर्घकाव्य आणि त्यावरचा २०१२ चा ‘अजिंठा’ सिनेमा याच दोघांवर आहे. पण सिनेमा पाहून रॉबर्ट म्हणजे फक्त पारोचा प्रियकर असं वाटत असेल, तर त्याच्यावर जरा अन्याय होतो.

कारण खरा घाव पुढे बसला. लंडनला पाठवलेली त्याची बहुतेक चित्रं क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि वीसेक वर्षांची मेहनत जळाली. जी मोजकी चित्रं मांडलेली नव्हती, तेवढीच वाचली.

माणूस तेव्हा साठी ओलांडलेला. पण तो पुन्हा लेण्यांतच काम करत राहिला. कॅमेरा त्याने आगीच्या आधीच हाती घेतला होता. अजिंठा-वेरूळच नव्हे, तर लोणार, अन्वा इथल्या देवळांचेही फोटो त्याने काढले. जेम्स फर्ग्युसनने १८६४ मध्ये ते पुस्तकरूपात आणले. गोंदेश्वर आवडणाऱ्यांनी अन्व्याचं देऊळ जरूर पाहावं, दगडकामाची जातकुळी जवळची आहे.

१८७९ मध्ये गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्या पश्चात मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या नव्या नकला पूर्ण केल्या. १८८५ मध्ये लंडनला त्यांतल्याही बऱ्याचशा आगीतच गेल्या.