अक्षराआधी चित्र : कै. ताराबाई मोडक

हल्ली जून महिना लागला की बदलापूरच्या बाजारपेठेतील दुकानांत मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांची मांडामांड सुरू होते. हत्ती, ससा, आगगाडी, आंबा, असे पानापानावर चित्र आणि खाली ठळक अक्षर. आई हौसेने ते पुस्तक घेते आणि मूल अडीच वर्षांचे होते न होते तोच त्याच्यापुढे ते उघडून अक्षरावर बोट ठेवते. मुलाचे बोट मात्र चित्रावर असते. या दोन बोटांच्या ओढाताणीकडे आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी प्रथम शास्त्राच्या दृष्टीने पाहिले आणि मुलाचे बोट जेथे आहे तेथूनच शिक्षण सुरू झाले पाहिजे असे धरून आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडक. त्यांच्या आयुष्याचा अखेरचा आणि सर्वांत मोठा पर्व आपल्याच ठाणे जिल्ह्यात पार पडला, म्हणूनही त्यांची ओळख आपल्या भगिनींना असावी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे. आई उमाबाई या पूर्वाश्रमीच्या विधवा. ज्या काळी पुनर्विवाह केलेल्या जोडप्याच्या घरचे पाणी पिण्यासही लोक कचरत, त्या काळातील हे घर. अशा घरातील मुलीला लोक काय म्हणतील या भयाची सवय लहानपणीच होते आणि मग ते भय वाटेनासे होते. पुढे ताराबाईंनी जे जे निर्णय घेतले ते पाहता हे बाळकडू त्यांना चांगलेच उपयोगी पडले असे वाटते. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या वर्षी पदवीधर होणाऱ्या मराठी मुली बोटांवर मोजण्याइतक्याच असतील.

अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार सुखाचा झाला नाही. त्याचा तपशील उगाळण्यात अर्थ नाही. इतकेच सांगायचे की १९२१ साली, पदरात लहानगी मुलगी असताना, त्या पतीपासून विभक्त झाल्या आणि राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या म्हणून रुजू झाल्या. त्या जागेवर तोवर गोऱ्या बाईच असत. हिंदी प्राचार्या त्याच पहिल्या. पगार चांगला, मान मोठा, राहण्यास बंगला. एकट्या बाईने याहून अधिक काय मागावे, असे कोणीही म्हटले असते.

परंतु घरातली मुलगी मोठी होऊ लागली होती आणि तिला कोठे शिकवावे हा प्रश्न होता. शिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयाच्या प्राचार्येला स्वतःच्या मुलीसाठी मनासारखी शाळा सापडू नये, ही गोष्ट ताराबाईंच्या मनाला लागली असली पाहिजे. त्याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका हे गृहस्थ लहान मुलांचे काही नवे करीत आहेत, हे त्यांच्या कानी आले. गिजुभाईही मूळचे वकीलच. आपल्या मुलाच्या शिक्षणाच्या काळजीतून मादाम माँटेसोरींचे ग्रंथ त्यांच्या हाती आले, वकिली सुटली आणि १९२० साली भावनगरला बालमंदिर निघाले. ताराबाई १९२३ साली राजकोटची प्राचार्यपदाची खुर्ची सोडून तेथे गेल्या. मोठ्या पगारावर पाणी सोडून त्या चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसल्या. याला पुष्कळांनी वेडेपणाच म्हटले असेल.

भावनगरला त्यांनी नऊ वर्षे काढली. तेथे काय चालत असे हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण बाईंच्या पुढल्या कामाची सगळी मुळे तेथेच आहेत.

इटलीत रोम शहराच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ साली डॉ. मारिया माँटेसोरी यांनी आपले पहिले बालगृह काढले. खरबरीत कागदाची अक्षरे कापून ती पाटीवर डकवायची आणि मुलाने ती बोटांनी गिरवायची, अशी त्यांची रीत. डोळ्याने पाहणे, बोटाने चाचपणे आणि कानाने ध्वनी ऐकणे ही तिन्ही एकदम घडतात. मग सुट्या अक्षरांनी मूल शब्द जुळवू लागते आणि पुस्तक हातात येण्याच्या आधीच लिहिते होते. चित्राचे कार्ड व शब्दाचे कार्ड यांची जोडी लावणे हा त्यानंतरचा खेळ. मुलांसाठी चित्रांचे पुस्तक ही कल्पना काही त्यांची नव्हे. कोमेनियस नावाच्या मोराविया प्रांतातील धर्मोपदेशकाने १६५८ सालीच प्रत्येक पाठाला चित्र असलेले पुस्तक छापले होते. पण चित्र पाहताना मुलाच्या मनात व हातात काय घडते याचा विचार माँटेसोरीबाईंनी केला.

ही रीत जशीच्या तशी उचलून चालेना. आपल्याकडे बाराखडी आहे, काना-मात्रा-वेलांटी आहे आणि वर जोडाक्षरे आहेत. इटालियनची वीस-बावीस अक्षरे ती केवढी! शिवाय एक मोठा मतभेद होता. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला राक्षस, पऱ्या, बोलणारे प्राणी यांच्या कल्पित गोष्टी सांगू नयेत. जे खरे आहे तेच त्याला दाखवावे, असे माँटेसोरीबाईंचे मत. गिजुभाईंना ते पटले नाही. आजीच्या मांडीवर कोल्ह्या-कावळ्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या या देशातल्या मुलांपासून गोष्ट काढून घेणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी गोष्टींवर एक शास्त्रीय ग्रंथच लिहिला आणि बालमंदिरात गोष्टीला, गाण्याला, नाट्याला मानाचे पान दिले. गुरूचा शब्द प्रमाण मानायचा की समोरच्या मुलाचा, असा हा प्रश्न होता आणि ताराबाई मुलाच्या बाजूने उभ्या राहिल्या. परदेशातून आलेली चांगली गोष्ट घ्यावी, पण आपल्या घराच्या मापाने बेतून घ्यावी, हा धडा येथला.

मुलाला वाचता येऊ लागले, पण वाचायला काय? त्या काळी मुलांच्या हाती पडे ते क्रमिक पुस्तक, आणि त्यात बोध पुष्कळ व आनंद थोडा. म्हणून गिजुभाई व ताराबाईंनी दक्षिणामूर्ती बालसाहित्यमाला काढली. लहान लहान, पाच-दहा मिनिटांत वाचून होतील अशी गुजराती पुस्तके. पहिले पुस्तक आपण सबंध वाचले हा जो मुलाचा आनंद असतो, त्याला जाडजूड पुस्तकाने कधीच हात पोहोचत नाही. मराठी बाईने गुजराती बालवाङ्मयाच्या पायाभरणीला हात लावला, ही आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसलेली गोष्ट. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाई त्याच्या प्रमुख कार्यकर्त्या. शिक्षणपत्रिका आधी गुजरातीत व मग मराठीत निघू लागली, आणि मराठी शिक्षणपत्रिकेची धुरा ताराबाईंनी वर्षानुवर्षे वाहिली. घरातल्या आईला बालशिक्षण कळावे म्हणून चालवलेले ते मासिक होते.

१९३२ साली त्या भावनगरहून निघाल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले, बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर उभे राहिले. मध्यमवर्गीय दादरला ही शाळा मानवली. मुले छान कपड्यांत येत, आया कौतुकाने पाहत. १९३९ साली गिजुभाई वारले. त्याच वर्षी स्वतः माँटेसोरीबाई हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. बालशिक्षण हा शब्द शहरांत प्रतिष्ठित झाला. येथेच ताराबाई थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते.

पण त्यांच्या मनाला एक टोचणी होती. गरीब वस्तीतील मुलांसाठी निघालेली ही पद्धत श्रीमंतांची होऊन बसली होती. साहित्य महाग, शाळा महाग. खेड्यातल्या मुलाचे काय? १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या मुंबई सोडून डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या व तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. या कामात त्यांना सहकारी मिळाल्या त्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, अशी अनुताईंची कहाणी. पण रडत न बसता शिकून शिक्षिका झालेल्या. ताराबाई कडक, चटकन रागावणाऱ्या, तर अनुताई सोशीक. या दोघींचे सूत अठ्ठावीस वर्षे टिकले, ही गोष्ट मंडळे चालवणाऱ्या आपणा बायकांनी मुद्दाम पाहण्याजोगी आहे.

बोर्डीला बालवाडी उघडली, परंतु ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. तेव्हा बाईंनी शाळाच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. सकाळी जायचे, अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणे, गोष्ट, खेळ. लाकडी ठोकळ्यांच्या जागी शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पाने, बांबूचे तुकडे आले. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सारे चिंचोक्यांवर व शिंपल्यांवरही शिकता येते. अक्षर गिरवायला समुद्रकाठची वाळू होतीच. आमच्या पणजोबांच्या वेळी पंतोजी धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत, तीच ही धूळ. फरक इतकाच की पंतोजींच्या हाती छडी असे.

ज्या वर्षी ताराबाई बोर्डीला गेल्या, त्याच १९४५ साली त्याच मुलखात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उठले. दोघींचे मार्ग निराळे. पण वारल्याचे मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर त्या उठावातही होते. ज्याचा बाप सावकाराच्या शेतावर राबतो, त्या मुलाला गुरे राखावी लागतात आणि धाकटे भावंड सांभाळावे लागते. ताराबाई १९५७ साली बोर्डीहून आत कोसबाडच्या टेकडीवर राहावयास गेल्या, तेव्हा त्यांनी हेच ओळखून योजना आखली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी केली, म्हणजे बहिणीने कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. जी मुले गुरांमागे जात, त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागला. ही कुरणशाळा. गुरे चरताहेत, झाडाखाली मुले बसली आहेत, भोवतालचे पक्षी, किडे, गवत हाच पाठ. दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग.

आता पुन्हा चित्राकडे येऊ. वारल्याच्या झोपडीत त्या काळी एकही छापील अक्षर नसे. परंतु भिंत चित्राने भरलेली असे. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, तो सवाष्णी बायका लिहितात. ज्यांच्या आया भिंतीवर माणसे, झाडे, तारपा आणि देवीचा चौक काढीत, त्या मुलांना निरक्षर म्हणून मागास समजणे हे आपले अज्ञान नव्हे काय? शहरी पुस्तकातला टेबल-खुर्चीचा आणि बागेतल्या झोपाळ्याचा देखावा त्यांना परका. पण खेकडा, मोहाचे झाड, बैलाची घुंगरे त्यांना डोळे मिटूनही काढता येत. मुलाच्या ओळखीच्या वस्तूपासून चित्राकडे आणि चित्रापासून अक्षराकडे, हा ताराबाईंचा क्रम कोसबाडला जितका खरा ठरला तितका दादरलाही ठरला नसेल. आपल्या बदलापूरच्या भोवती, बारवीच्या बाजूला आणि मुरबाडच्या वाटेवर कातकरी-ठाकरांचे पाडे आहेत. तेथील बालवाडीताईंना हा क्रम कोणी नव्याने शिकवायला नको.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९६७ साली महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि पहिलीतल्या खेड्यापाड्यांतील मुलांच्याही हाती रंगीत चित्रांचे बालभारती पडू लागले, तेही त्यांना पाहावयास मिळाले. तोवर वयाची पंचाहत्तरी उलटली होती व प्रकृती साथ देत नव्हती. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ पासून, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या अंगणातला तो शब्द आता तमिळनाडूपासून आसामापर्यंत बोलला जातो. बोलणाऱ्यांस त्याचे माहेर ठाऊक असतेच असे नाही.

कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे त्यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत, चालवले. २०१४ साली पालघर हा जिल्हा वेगळा झाला, आणि बोर्डी व कोसबाड कागदोपत्री आपल्या ठाणे जिल्ह्यातून गेली. अंतर मात्र तेवढेच आहे. बदलापूरहून सकाळची गाडी धरून दादरला उतरावे, पश्चिम रेल्वेने डहाणू किंवा घोलवड गाठावे, की जेवणवेळेच्या सुमारास टेकडीवर पोहोचता येते.