हॉवर्ड फ्लोरी : पेनिसिलिन रुग्णापर्यंत नेणारे प्राध्यापक

पेनिसिलिन म्हटले की तुम्हाला फ्लेमिंग आठवतात. १९२८ मध्ये त्यांना ते बुरशीत सापडले, पण त्याचे औषध झाले ते हॉवर्ड फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे.

१८९८ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेले फ्लोरी १९३५ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात पॅथॉलॉजीचे प्राध्यापक झाले. मे १९४० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत पेनिसिलिनने उंदीर जंतुसंसर्गातून वाचले. माणसांवरील उपचारांसाठी मात्र रुग्णालयच हवे होते. शहरातील रॅडक्लिफ इन्फर्मरीने साथ दिली.

फेब्रुवारी १९४१ मध्ये तिथे गंभीर संसर्ग झालेल्या एका पोलिसाला शिरेतून पेनिसिलिन सुरू झाले. औषध इतके थोडे होते, की त्याच्या लघवीतून ते काढून पुन्हा त्यालाच दिले जाई. तो सुधारू लागला, पण साठा संपला आणि मार्चमध्ये तो दगावला. पुढे कमी मात्रेत भागावे म्हणून मुख्यतः मुलांवर उपचार झाले आणि गुण दिसला. १९४५ मध्ये फ्लेमिंग व चेन यांच्यासह फ्लोरींना नोबेल मिळाले. १९६८ मध्ये ते वारले.

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात संशोधनासाठी तुमची संमती मागितली, तर घाबरू नका. फायदे-धोके विचारा, समजून घ्या आणि मगच ठरवा. नकार दिलात तरी उपचार मिळणे हा तुमचा हक्क आहे.