हॉल्डेन आणि आदिसागर

जीवसृष्टीच्या उगमाचा प्रश्न पुराणांच्या स्वाधीन न करता रसायनशास्त्राच्या कक्षेत आणण्याचे धाडस ज्यांनी केले, त्यांत जे. बी. एस. हॉल्डेन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १८९२ साली ऑक्सफर्ड येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाजवळ विज्ञानाची एकही पदवी नव्हती. गणित आणि ग्रीक-लॅटिन वाङ्मय हे त्यांचे अभ्यासविषय. गुणपत्रिकेवर भवितव्य तोलणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’च्या गावाने या गोष्टीपाशी क्षणभर थांबावयास हरकत नाही.

केंब्रिजमध्ये जीवरसायनाचे अध्यापन करीत असता १९२९ मध्ये त्यांनी एक छोटेखानी निबंध लिहिला. त्यातील तर्क असा : आदिम वातावरणात मुक्त प्राणवायू नव्हता, म्हणून ओझोनचे छत्रही नव्हते. सूर्याचे अतिनील किरण थेट सागरापर्यंत पोहोचत. पाणी, कार्बन डायऑक्साइड व अमोनिया यांवर त्यांची क्रिया होऊन शर्करा आणि प्रथिनांचे घटक निर्माण झाले असावेत. आज असे पदार्थ सूक्ष्मजंतू फस्त करतात; त्या काळी उत्पादन होते, पण उपभोक्ता नव्हता. साठा वाढत गेला आणि सागराचे जणू ऊन, पातळ सार बनले.

रशियाच्या ओपॅरिन यांनी १९२४ मध्येच असा विचार मांडला होता. १९६३ मध्ये फ्लोरिडातील परिषदेत दोघे भेटले, तेव्हा हॉल्डेन यांनी अग्रमान निःसंकोचपणे त्यांना दिला. तत्पूर्वी १९५३ मध्ये शिकागोत स्टॅन्ले मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व वाफ यांत विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले मिळविली होती. आदिम वातावरण नेमके तसे नसावे, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात; परंतु बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या मातीतही १४ प्रथिनघटक अमिनो आम्ले आढळल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. घटकांपासून पेशी कशी घडली, हे कोडे मात्र कायम आहे.

हा माणूस निर्दोष नव्हता. साम्यवादी निष्ठेपायी लायसेन्कोच्या छद्मविज्ञानाविरुद्ध त्यांची लेखणी वेळीच चालली नाही, आणि आनुवंशशास्त्रज्ञाच्या बाबतीत ही चूक लहान म्हणता येणार नाही.

१९५७ मध्ये लंडनची प्राध्यापकी सोडून ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरला प्रयोगशाळा उभारून रमले. तेथेच १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकिनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी पाठविण्यात आला.