मुरलेली वाइन आणि थकलेले कर्ज

डिसेंबर १९८५ मध्ये लंडनच्या एका लिलावात वाइनची एक बाटली १ लाख ५ हजार पौंडांना गेली. काचेवर १७८७ हे साल, ‘लाफीत’ हे मळ्याचे नाव आणि अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याची म्हणून सांगितलेली आद्याक्षरे कोरलेली होती. पुढे तपासात अशा बाटल्यांवरची अक्षरे विजेच्या हत्याराने कोरलेली निघाली आणि सारा डौल उतरला. खुद्द जेफरसनने मात्र अक्षरे तपासण्याचीही तसदी घेतली नसती. त्याच्या हिशेबाने ती वाइन १७९४ च्या सुमारासच उतरणीला लागायला हवी होती!

मुरणे हा शब्द आपल्याकडे लोणच्याचा. बरणी केव्हा काढायची हे घरातल्या आजीला झाकण न उघडता कळे. तांबड्या वाइनचेही तसेच. द्राक्षाच्या साली-बियांतून आलेला तुरटपणा नव्या वाइनमध्ये जीभ आखडून टाकतो. बाटलीत पडून राहिली की तो हळूहळू मऊ होतो. बूच घाईने काढले तर तुरट, फार उशिरा काढले तर फिकी. त्यातून दर सालचे ऊन-पाऊस वेगळे, म्हणून दर सालच्या वाइनची मुदतही वेगळी.

ही मुदत जेफरसनने कागदावर मांडली. व्हर्जिनियात १७४३ साली जन्मलेला हा जमीनदार, तेहेतिसाव्या वर्षी स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहून बसलेला, १७८५ पासून फ्रान्समध्ये अमेरिकेचा वकील होता. उजवे मनगट मोडले होते. औषधी पाण्याचे निमित्त काढून तो १७८७ च्या फेब्रुवारीअखेर पॅरिसहून निघाला आणि तीन महिने मळे पाहत हिंडला. बर्गंडीत त्याने मजुरांच्या ताटात डोकावून पाहिले. तांबडी वाइन पिकवणाऱ्या व्होलनेत गव्हाचा पाव, शेजारच्या मेर्सोत राय धान्याचा. असे का? तर मेर्सोची पांढरी वाइन वारंवार बिघडते, माल पडून राहतो.

मे महिन्यात तो बोर्दोला पोहोचला. मार्गो, लातूर (उच्चार जवळपास आपल्या लातूरसारखाच), ओ-ब्रियाँ आणि लाफीत हे चार मळे त्याने पहिल्या प्रतीचे म्हणून नोंदले. पहिल्या तिघांची वाइन चार वर्षांनी पक्व होते, लाफीत जरा हलकी म्हणून तीन वर्षांनी. चार पिंपांचा भाव १७८३ सालच्या मालाला २००० लिव्र, १७८४ चा हंगाम उत्तम म्हणून २४००, तर १७८५ ला १८००. आणि बोर्दोची तांबडी वाइन सातव्या वर्षाच्या सुमारास रंग, चव, अंग सोडू लागते, हेही टिपले. आज चांगल्या सालची बोर्दो वीस-तीस वर्षे सहज थांबते. वाइन करण्याची रीतच बदलली आहे. दलाल मिसळ करतात म्हणून तो थेट मळ्यावरून, तिथेच बाटलीत भरलेला माल मागवू लागला. १७९० साली जॉर्ज वॉशिंग्टनसाठीही त्यानेच मागणी नोंदवली.

अध्यक्षपदाच्या आठ वर्षांत, १८०१ ते १८०९, त्याने वाइनवर दहा हजारांहून अधिक डॉलर घातले. वर्षाचा पगार होता पंचवीस हजार. मॉन्टिसेलोच्या त्याच्या घरी जेवणघराच्या शेगडीलगत दोरीवर वरखाली होणारी कपाटे होती. खालच्या तळघरात उभा असलेला गुलाम बाटली ठेवी. वर पाहुण्यांना फक्त बाटली दिसे.

मी आयुष्य बँकेत काढले, त्यामुळे माझे लक्ष तळघरापेक्षा खातेवहीकडे जाते. सासऱ्याच्या वारशाबरोबर १७७४ च्या सुमारास त्याच्या गळ्यात इंग्रज व्यापाऱ्यांचे कर्जही पडले, आणि ते कधी संपलेच नाही. १८१५ साली त्याने साडेसहा हजारांच्या घरातली पुस्तके काँग्रेसला २३,९५० डॉलरना विकली. आणि पुन्हा पुस्तके घ्यायला लागला. १८१८ मध्ये नातवाचा सासरा विल्सन कॅरी निकोलस याच्या वीस हजारांच्या कर्जाला त्याने जामीन म्हणून सही दिली. माजी गव्हर्नर, रिचमंडच्या बँकशाखेचा प्रमुख. नाही कसे म्हणणार? पुढच्याच वर्षी मंदीत निकोलस बुडाला. अशा सह्या मी टेबलापलीकडून खूप पाहिल्या आहेत. सही करणारा बहुधा कागद वाचत नाही, समोरच्याचा चेहरा वाचतो.

म्हातारपणी तो दक्षिण फ्रान्सच्या स्वस्त वाइनकडे वळला. जेवताना तीन-चार पेले, तेही सौम्य. गुलामगिरी वाईट आहे हे त्याने तरुणपणापासून लिहिले होते, पण ती मोडण्याचे काम त्याने पुढच्या पिढीवर सोपवले. बाटलीची मुदत सांगणाऱ्या या माणसाने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली, हे त्याच्या खात्यातले सर्वांत मोठे थकलेले कर्ज असे मला वाटते.

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, तो गेला. मागे एक लाखाहून अधिक डॉलरचे देणे. मृत्युपत्राने त्याने पाचजणांना मुक्त केले, त्यांत जोसेफ फॉसेट हा लोहार होता. त्याची बायको एडिथ मॉन्टिसेलोची मुख्य स्वयंपाकीण. अध्यक्षीय निवासात फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली तयार झालेली, त्या सगळ्या वाइनसोबतचे जेवण रांधणारी. तिचे नाव मृत्युपत्रात नव्हते. जानेवारी १८२७ मध्ये १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. एडिथ आणि तिची मुले त्यात विकली गेली. जोसेफ भाता चालवत राहिला. बायको आणि काही मुले त्याने परत मिळवली, आणि १८३७ साली त्यांच्या मुक्ततेचा कागद केला.