ऐंशीनंतरचा नवा डाव

शिवाजी पेठेतल्या तालमीत घाम गाळणाऱ्या पोरांना व्यायाम म्हणजे कमावलेले अंग, एवढेच ठाऊक असते. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे आयुष्य त्यापुढचे सांगते.

सावंतवाडीजवळच्या कोलगावात १८६७ मध्ये त्यांचा जन्म झाला. मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकून ते चित्रकार झाले, पुढे वेदाभ्यासाकडे वळले. १९०८ मध्ये कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकातील लेखामुळे राजद्रोहाचा खटला ओढवला. नंतर औंधला स्वाध्याय मंडळ उभारून त्यांनी ग्रंथलेखनाबरोबर आसने आणि सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. १९४८ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, गुजरातमधील पारडीला जाऊन त्यांनी सारे काम नव्याने मांडले. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा शंभरी उलटली होती.

एका माणसावरून नियम ठरत नाही. रोजच्या अभ्यासाचाही वाटा असणारच. पण नियमित व्यायामाने रक्तदाब व साखर आटोक्यात राहायला मदत होते, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या जपल्या जातात आणि स्मरणशक्तीलाही आधार मिळतो. म्हणून तालीम सुटली, तरी रोजचे चालणे सुटू नये. खुराक मात्र बेताने घ्यावा.