तोळ्यावर जेवण मोजणारे विनोबा

वाशिम : विनोबा भावे म्हटलं की भूदान आठवतं, गीताई आठवते, पदयात्रा आठवते. त्यांच्या ताटाबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. माणसाला दिवसाला खायला नेमकं किती लागतं, तेवढं मिळवायला किती राबावं लागतं आणि बाजाराकडे न जाता ते आपल्याच मातीत पिकतं का, या हिशेबात त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं घातली. तीही आपल्या शेजारी, वर्ध्यात. कारंजा किंवा मंगरूळपीरकडून समृद्धी महामार्गाला लागलं की काही तासांत पवनार गाठता येतं. १५ नोव्हेंबर हा त्यांच्या पुण्यतिथीचा दिवस.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, गागोदे गावचा. तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा. घरच्या फणसाला फळ धरलं की पहिले गरे शेजारपाजारच्या घरी जायचे, मग घरच्या मुलांच्या हातावर पडायचे. आई रुक्मिणीबाईंचा हा नेमच होता. देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम केला तेव्हा ती माउली एकेक दाणा मोजत बसायची. वडिलांनी तोळाभर तांदूळ मोजून बाकीचा हिशेब वजनानं करायची सोपी युक्ती सुचवली. मुलानं आईची बाजू घेतली. पुढं हाच मुलगा स्वतःचं जेवण तोळ्यावर मोजू लागला, म्हणजे आईचा नेम आणि बापाचा तराजू दोन्ही त्याच्याकडे आले म्हणायचे.

वडील नरहरपंत बडोद्याला नोकरीत. रंगकामाचं शास्त्र शिकलेला, प्रत्येक गोष्ट करून बघणारा माणूस. मधुमेह होता, म्हणून स्वतःच्या खाण्यावरच त्यांचे प्रयोग चालायचे. आणि इथं वाशिमच्या माणसानं कान टवकारावेत अशी गोष्ट आहे. नरहरपंत सोयाबीन खायचे. आपला अनुभव त्यांनी गांधीजींना कळवला आणि १९३५ साली गांधीजींनी तो ‘हरिजन’ साप्ताहिकात छापला. त्याच वर्षी वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या पंगतीला सोयाबीन वाढलं जात होतं. कारण साधं होतं. गरिबाच्या पोटात प्रथिनं जावीत आणि खिशाला परवडावीत.

आज आपला जिल्हा सोयाबीनचा. खरिपात वाशिमपासून रिसोड-मालेगावपर्यंत नजर जाईल तिकडे तेच. पण ताटात? काही घरांत गव्हाच्या दळणात मूठभर पडतं, बाकी सगळं पोत्यात भरून बाजार समितीत. तिथून तेलाच्या कारखान्यात, आणि ढेप कोंबड्या-गुरांना. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे किलोला ४९ रुपयेसुद्धा नाही, आणि मोंढ्यात बहुतेकांना तेवढाही मिळाला नाही. त्याच शेतकऱ्यानं घरी जाताना तूरडाळ घेतली ती शंभराच्या वर. सोयाबीनमध्ये प्रथिनं जवळपास ४० टक्के, तुरीत साधारण निम्मी. सोयाबीन कच्चं पचत नाही, भिजवून चांगलं शिजवावं लागतं, वासही सगळ्यांना आवडत नाही, हे खरं. तरी बडोद्यातला एक आजारी म्हातारा नव्वद वर्षांपूर्वी जे करून बघत होता, ते ज्याच्या शेतात पीक उभं आहे त्यानं करून बघितलेलं नाही.

मुलाकडे वळू. १९१६ साली इंटरची परीक्षा द्यायला मुंबईला निघालेले विनायकराव वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. तिथं दुपारचं जेवण अन्नछत्रात. जेवणानंतर दोन पैसे दक्षिणा मिळायची, त्यात एका पैशाचं दही आणि एका पैशाची रताळी, हे रात्रीचं जेवण. कमीत कमी पैशात पोट कसं भरतं याचा त्यांचा पहिला धडा हा. त्याच वर्षी ७ जूनला ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले. गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी पाहुण्याच्याही हातात सुरी दिली. देशाचा पुढारी भाजी चिरतो हे विनोबा तोवर कधी पाहिलेले नव्हते.

८ एप्रिल १९२१ रोजी गांधीजींनी त्यांना वर्ध्याचा आश्रम सांभाळायला पाठवलं. तिथून पुढचं आयुष्य विदर्भाचंच. १९३२ च्या डिसेंबरात ते वर्ध्याजवळच्या नालवाडीला, दलित वस्तीत राहायला गेले.

नालवाडीतला प्रयोग नीट समजून घ्यायला हवा. १ सप्टेंबर १९३५ पासून त्यांनी ठरवलं की सूत कातून जेवढी मजुरी मिळेल तेवढ्यातच जगायचं. दिवसाला चार गुंड्या सूत. त्याला आठ-नऊ तास लागायचे. मजुरी मोजायची ती आण्यांत. त्या काळातला त्यांचा रोजचा आहार लिहून ठेवलेला आहे. दूध ५० तोळे, भाजी ३० तोळे, गहू १५ ते २० तोळे, तेल ४ तोळे, शिवाय थोडा मध, गूळ किंवा फळ. आजच्या मापात सांगायचं तर दूध अर्ध्या लिटरच्या थोडं वर, भाजी साडेतीनशे ग्रॅम, गहू पावशेरापेक्षा कमी, तेल पन्नास ग्रॅमच्या आत. यात चैनीचं काही नाही. तरी दिवसभर कातणाऱ्या बाईला चालू दरानं हे ताट मिळत नव्हतं.

साधं खा म्हणून गरिबाला उपदेश करणारे तेव्हाही पुष्कळ होते, आताही आहेत. विनोबांनी उपदेश केला नाही. साधं ताट किती मजुरीत येतं हे स्वतः राबून पाहिलं आणि हिशेब जुळत नाही हे दाखवलं. गांधीजींच्या डोक्यातही तेच घोळत होतं. १९३५ च्या ऑक्टोबरात अखिल भारत चरखा संघानं ठराव केला की आठ तासांच्या नीट कामाला एवढी मजुरी मिळाली पाहिजे, की शास्त्रानं सांगितलेलं किमान अन्न आणि वर्षाचं कापड त्यातून भागेल. म्हणजे आधी ताट ठरलं, मग मजुरी. खादी महागली, गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. सेंद्रिय माल महाग का म्हणून आज जे भांडण चालतं त्याचं मूळ इथंच सापडतं. पिकवणाऱ्याच्या घामाचे पुरे पैसे धरले की वस्तू स्वस्त राहत नाही, आणि घेणारा स्वतः मजूर असेल तर त्याचीही मजुरी वाढल्याशिवाय ती त्याला परवडत नाही.

या कष्टानं विनोबांची तब्येत मात्र ढासळली. १९३८ साली वजन ८८ पौंडांवर आलं, म्हणजे ४० किलो. गांधीजींनी हवापालट सुचवला, डॉक्टर सुचवले. विनोबांनी पाच-सहा मैलांवरचं पवनार निवडलं, धाम नदीच्या काठावरचा जमनालाल बजाजांचा बंगला. तिथं औषध कुठलं? कुदळ. पहिल्या दिवशी पाच मिनिटं खणलं, मग रोज थोडं थोडं वाढवत दोन तासांपर्यंत नेलं. खाणं साधंच, डोकं रिकामं ठेवलं. दहा महिन्यांत ४० पौंड वजन वाढलं. सगळ्यांना हे लागू पडेल असं नाही, पण पवनारची जमीन आणि ते, अशी गाठ पडली ती कायमची.

पुढं १९४० ला पहिले वैयक्तिक सत्याग्रही, मग तुरुंगवास. तुरुंगातून आल्यावर ते रोज खांद्यावर फावडं टाकून तीन मैलांवरच्या सुरगावला जायचे. गावाची घाण उचलायची, मातीनं झाकायची. पाऊस असो की ऊन, दीड-दोन वर्षं हा क्रम चालला. उघड्यावर पडली तर घाण, मातीत गेली तर खत, हे ते सांगत नव्हते, करून दाखवत होते. आज गांडूळखताची पिशवी विकत घेणाऱ्यांना ही आठवण थोडी टोचेल.

आणि मग १९५०. देश नुकता स्वतंत्र झालेला, धान्य परदेशातून येत होतं, शहरांत रेशन. पवनारला विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग काढला. पैशावाचून जगून बघायचं. देणगी नको. ज्याला द्यायचं त्यानं श्रम द्यावेत. सुरुवात भाजीपासून केली. विहीर खणली ती आश्रमातल्यांनी आणि बाहेरून आलेल्या पोरांनी. रहाटाला बैल नाहीत, माणसंच ढकलायची, तोंडानं श्लोक म्हणत. बैलाशिवाय निव्वळ हातानं केलेल्या शेतीला त्यांनी नाव दिलं ऋषिशेती, बैलाच्या शेतीला ऋषभशेती. दोन्हींची तुलना करायची असा इरादा होता. शिकलेली माणसं सकाळी कुदळ घेऊन उभी राहायची. कमजोर पोटाचे पंचावन्न वर्षांचे विनोबाही त्यांच्यात.

हा प्रयोग पार पडला का? अर्धा. घामाला किंमत लावली नाही तर घरची भाजी फुकट आणि ताजी, त्यात वाद नाही. पण आश्रमाकडे जमीन होती, शेजारी नदी होती, राबणारे हात होते आणि त्या हातांना संध्याकाळी कोणाचं कर्ज फेडायचं नव्हतं. दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणाऱ्या बाईकडे यातलं काय आहे? तिच्या घरामागं दोन वाफे निघतील एवढी जागा असली तरी अंबाडी, वांगी, वाल, पालक निघतात आणि हातखर्च वाचतो. धान्य आणि तेल मात्र त्यातून निघत नाही. परसबागेनं ताट सुधारतं, पण भरायला वावर लागतं. सरकारी योजनेत बियाण्याचं पाकीट वाटताना हे ध्यानात राहत नाही.

विनोबांना हे उत्तर वर्षभरातच सापडलं, आणि सापडलं ते पवनारच्या बाहेर. १९५१ च्या मार्चमध्ये ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले. तिथून तेलंगणाच्या धुमसत्या गावांत. १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या दलितांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. पैसे नाही मागितले, धान्यही नाही. गावातल्याच रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. भूदानाची सुरुवात ही. त्याला अध्यात्माचा रंग पुष्कळ दिला जातो, पण मागणाऱ्यांच्या लेखी तो पोटाचा प्रश्न होता.

त्याच वर्षी पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यावर विनोबा कडक बोलले. देश आपलं अन्न आपण पिकवणार अशी खात्री त्यात दिसेना. नेहरूंनी दिल्लीला बोलावलं, तर हे सप्टेंबरात पायीच निघाले आणि नोव्हेंबरात पोहोचले. पुढची तेरा-चौदा वर्षं पायी देश फिरणं. चाळीस लाख एकरांवर जमीन मिळाल्याची नोंद झाली, पण बरीच खडकाळ निघाली, बरीच कज्ज्यात अडकली, बरीच वाटलीच गेली नाही. विदर्भातल्या कितीतरी गावांत भूदानाच्या सातबाऱ्याचे वाद अजून लोकांच्या तोंडी आहेत. मागणं बरोबर होतं, पाठपुरावा कमी पडला. आणीबाणीतल्या त्यांच्या भूमिकेवर टीका झाली, ती वेगळी गोष्ट.

१९५९ साली पवनारला त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर काढलं, बायकांनी चालवायचा आश्रम. स्वयंपाक, शेती, छापखाना, सगळं काम भगिनींच्या हाती. १९७० पासून विनोबा तिथंच मुक्कामी राहिले. शेतीला बैल हवा, खताला शेण हवं, म्हणून गोवंश वाचवण्यासाठी १९७९ ला त्यांनी उपोषण केलं. ट्रॅक्टरचे दिवस आले होते, फार कोणी मनावर घेतलं नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. थोडं बरं वाटतंय असं डॉक्टर म्हणत असतानाच विनोबांनी अन्न, पाणी, औषध तिन्ही बंद केलं. इंदिरा गांधी भेटायला येऊन गेल्या. कोणाचं ऐकलं नाही. दिवाळीत, १५ नोव्हेंबरच्या सकाळी ते गेले. अंत्यसंस्कार धामच्या काठी झाले, ज्या जमिनीत त्यांनी पाच मिनिटांपासून खणायला सुरुवात केली होती तिथंच. पुढच्या वर्षी भारतरत्न जाहीर झालं.